हळदीला हात

२ डिसेंबर

उल्हासनगरच्या साईंनी दुकानाचं नाव छापलेली डायरी दिली. मी त्यांच्याकडून कापडी झेंडू, पिवळे पडदे, गोंडे असलं सगळं उचलते, म्हणून खास गिऱ्हाईक. म्हणाले, "भाभी, इसमें ऑर्डर लिखना." ऑर्डर माझ्या मोबाईलमध्ये असतात. इथे मी मनातलं लिहिणार. घरात ते ऐकायला फुरसत आहे कुणाला? भूपेश जांभूळच्या पाणी केंद्रावरून ड्यूटी करून येतो आणि टीव्हीसमोर आडवा होतो. सासरे, म्हणजे बाबा, बोलले तर देव पावला. सासू बोलते, पण टोमणेच. पोरगी जिज्ञासा चौदाची झाली, तिला काही विचारा, "हं" म्हणते.

तर माझा धंदा. 'स्वप्नाली हळदी डेकोरेशन'. दिवाळीपासून सुरू केला. डेकोरेशन काय, बदलापुरात गल्लोगल्ली करतात. पण माझ्याकडे आये आहे. माझी सासू वेणू, पंचक्रोशीतली नावाजलेली धवलारीण. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गात गात हळद चढवते. आयेची रीत अशी की हळदीचं पहिलं बोट नवरीच्या दंडाला लावायचं आणि धवल्यात तिचं नाव गुंफायचं. बिल्डिंगमध्ये राहायला गेलेल्या लोकांना आता हे सगळं परत हवं झालंय. मंडप माझा, धवले आयेचे, असं पॅकेजच केलंय मी.

जिज्ञासाचं नाव मात्र आयेला कधीच पटलं नाही. बारशालाच म्हणाली होती, "यो नाव धवल्यान बसाचा नाय. पोरीच्या हलदीन मी काय गावू?" अजून ऐकवते. मी म्हणते, तोपर्यंत बसवा कसंतरी, अजून वेळ आहे.

५ डिसेंबर

जिज्ञासाचे पॅड परत संपले. आत्ताच तर आणले होते. मी विचारलं, खातेस की काय? तर आजीकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी म्हटलं, तोंड आहे ना, बोल की. काही नाही. हल्लीच्या पोरींना कशाची किंमत नाही, वापरा आणि फेका. आये नेहमी नातीची बाजू घेते, आज तीही गप्प. तिथे बसून नुसती उदबत्ती लावत होती. सकाळ-संध्याकाळ तिच्या खोलीत उदबत्ती. घर आहे की देऊळ, माझं डोकं दुखतं त्या वासाने.

९ डिसेंबर

माझी लाज काढली आज. चिखलोलीच्या नव्या सोसायटीत हळद होती. गेटपासून गच्चीपर्यंत पिवळं केलं होतं मी. नवरी गोड पोरगी, आयटीवाली, "आजी, तुमचे धवले मी रेकॉर्ड करणार" म्हणत आयेच्या पाया पडायला आली, तर आये चक्क मागे सरकली! पाया पडू दिलं नाही. मग म्हणे, मी इथंच बसते, आणि मंडपाच्या बाहेर, पाण्याच्या टाकीजवळ गोणपाट टाकून बसली. तिथून गायली. आवाज काय, अजून खणखणीत. पण हळदीला हात लावला नाही. नवरीच्या आईने वाटी पुढे केली तर "सवाष्नींना लावू द्या, माजा हात दुकतंय" म्हणाली.

त्या बाईने मला बाजूला घेतलं. "अहो, धवलारीण हळदीला शिवत नाही हा काय प्रकार? अपशकून वाटतो ना." हसून वेळ मारून नेली. रिक्षात बसल्यावर मात्र मी सोडलं नाही. म्हटलं, माझा धंदा बुडवायचाय का? बाहेर बघत बसली. उतरताना सीटवरून हात फिरवून मागे वळून बघितलं, काही राहिलं का असं. पिशवी तर माझ्याकडे होती.

१४ डिसेंबर

आता म्हणते येणारच नाही. "मना नाय जमाचा. दुसरी बघ." का? तर काही नाही. मी ओळखून आहे. इतकी वर्षं मान तिचा होता, लोक तिला गाडी पाठवून न्यायचे. आता बोर्डावर माझं नाव. ते खुपतंय.

भूपेशला सांगितलं तर म्हणाला, म्हातारी झाली ती, सोड. म्हातारी? अट्ठावन्न म्हणजे म्हातारी? आणि नाटकं तरी किती. गावदेवीला नारळ द्यायचा होता, स्वतः गेली नाही, बाबांना पाठवलं. लोणच्याच्या बरणीला हात लावत नाही, मी वाढून द्यायचं. परवा पापडाच्या पिठालाही नाही. माझ्या हाताखाली राबायचं नाही, हेच ना?

२१ जानेवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. कामं भरपूर. आयेच्या जागी कुळगावची गोदूआत्या घेतली. ती धवले गाते, पण मध्येच सिनेमाच्या चालीवर जाते. लोकांना चालतं. कालची हळद आमच्याच आळीत होती, गोदूआत्याचा आवाज घरापर्यंत येत होता. मी काहीतरी न्यायला घरी आले तर आये मागच्या पडवीत कंबरेला कपडा बांधून बसली होती आणि रडत होती. मला बघून पदराने तोंड पुसलं.

खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. लागलं ना जिव्हारी, म्हटलं. मग या की गायला. बोलले नाही, पण मनात म्हटलं.

कंबर दुखते म्हणे. बारीक पण झालीय. जेवताना ताटातलं मांजराला टाकते. रुसवा अजून काय.

जिज्ञासाचे पॅड परत गायब. आज मी तिच्या पाठीत धपाटा घातला. रडली, पण एक शब्द नाही. कुणावर गेली आहे ही पोरगी?

८ फेब्रुवारी

आये मोरीत पडली.

रक्त. किती रक्त. मी आधी म्हटलं डोकं फुटलं. डोक्याला काही नव्हतं.

जिज्ञासा दारात उभी राहून ओरडत होती, "मी सांगणार होते, मी सांगणार होते, आजीने देवीची शपथ घातली होती." आता लिहवत नाही.

१० फेब्रुवारी

सगळं कळलं. लिहून काढते, नाहीतर छाती फुटेल.

नवरात्राच्या आसपास आयेला रक्त दिसलं. पाळी जाऊन हिला सात-आठ वर्षं झालेली. तिला वाटलं, परत आली. म्हातारपणी परत पाळी, लाजेने मेल्यासारखं झालं. कधी थोडं, कधी जास्त. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या पुरेनात तेव्हा नातीकडून पॅड मागितले आणि शपथ घातली, आईला सांगायचं नाही. वास येतो म्हणून उदबत्ती. लोणचं नाही, पापड नाही, देवी नाही, कारण ती 'बाहेरची'. चिखलोलीला ती टाकीजवळ का बसली, हात का लावला नाही, पाया का पडू दिलं नाही, सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. आणि मी काय लिहिलंय वर? मागची पानं वाचली आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? दवाखान्याच्या बाकावर बसली होती, माझी शाल पांघरून. म्हणाली, "तुजा धंदा नवीन हाय. धवलारनीला इटाल हाय, ह्या कलला असता त तुना कोन बोलावला असता?"

मी बाहेर जाऊन रडले.

डॉक्टर मीनल मॅडमनी तपासलं. चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाळी एकदा गेली की परत येत नाही, आजी. नंतर एक थेंब जरी दिसला तरी तो आजार समजून लगेच दाखवायचं." आये म्हणाली, "मना वाटला देवानं परत पाठवली." तुकडा काढून तपासायला पाठवलाय.

१९ फेब्रुवारी

कॅन्सर. गर्भाशयाच्या तोंडाचा. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलमध्येही दाखवून आलो. तिथले डॉक्टर म्हणाले, बराच पसरलाय, मूत्रपिंडाच्या नळ्यांपर्यंत. शेक, म्हणजे किरणं, देऊन रक्त थांबवता येईल, दुखणं कमी करता येईल. बरं करता येईल असं कुणी म्हणालं नाही. मी वाट बघत होते, कुणीतरी म्हणेल म्हणून.

परत येताना मीनल मॅडमकडे थांबलो, समजावून घ्यायला. आये बाहेर गाडीत झोपली होती. मॅडम म्हणाल्या, हा एका विषाणूमुळे होतो. नवरा-बायकोच्या संबंधातून येतो आणि वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो. बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधीतरी होतो आणि आपोआप जातो. थोड्या बायकांचा जात नाही, तिथून हे सुरू होतं. वेळेवर तपासणी केली तर कॅन्सर व्हायच्या आधीच कळतं.

भूपेशचा चेहरा लालबुंद झाला. "म्हणजे मॅडम, माझी आई..."

"तुमची आई कुठेही चुकलेली नाही," मॅडम पटकन म्हणाल्या. "हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नाही. तसं कुणी म्हणालं तर माझ्याकडे पाठवा."

बाबा उठले आणि बाहेर गेले. आम्ही निघेपर्यंत कलिंगडाच्या गाडीपाशी उन्हात उभे होते. त्यांना दवाखान्याचा वास सहन होत नसावा. आधीपासून तसंच, माणूस कधी घरी राहिलाच नाही. तरुणपणी ट्रकवर होते, गुजरात, राजस्थान, महिनोन्महिने बाहेर. आयेनेच एकटीने भूपेशला वाढवला.

गाडीत भूपेश मला म्हणाला, "कुणाला सांगायचं नाही. विचारलं तर पोटात गाठ आहे म्हणायचं."

३ मार्च

शेक झाले. रक्त कमी झालंय, पण पूर्ण थांबलं नाही. आये घरी आहे. खाट पडवीत टाकलीय, तिला बाहेरचं दिसायला हवं असतं.

बाबांना काय झालंय कळत नाही. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःचा बनियन धुतला नाही, ते सकाळी उठून आयेचे कपडे घेऊन मागच्या दगडावर बसतात. मी म्हटलं, बाबा, मी आहे ना, मशीन आहे. हातानेच मला लांब केलं. घासत बसतात. डाग गेला तरी घासतात. आयेच्या खाटेजवळ मात्र बसत नाहीत, उंबऱ्यात बसतात.

जिज्ञासा जेवत नाही. आज मी तिला जवळ घेतलं तर अंग चोरलं. मग एकदम म्हणाली, "मी शपथ मोडली असती तर आजी बरी झाली असती ना?" मी म्हटलं, नाही गं बाळा. म्हणाली, "खोटं नको बोलूस." शेवटी म्हटलं, तुला कळत नव्हतं, कळायला हवं होतं मला. मी मोठी आहे, मी तुला धपाटे घालत बसले. तेव्हा कुठे माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. खूप रडलो दोघी.

९ मार्च

आमच्या आशा कार्यकर्त्या सोनियाताई आल्या होत्या. चौदा वर्षांच्या मुलींना सरकारी दवाखान्यात या कॅन्सरची लस देतायत, एकच सुई, मोफत. जिज्ञासाचं नाव त्यांना माहीतच आहे. "घेऊन या वहिनी, पोरगी नेमकी वयात बसतेय."

आमच्या घरात हा आजार आहे हे त्यांना माहीत नाही. पोटात गाठ, असंच सांगितलंय. सांगणार होते, पण चहाचं निमित्त करून आत गेले.

भूपेशला विचारलं. "वेड लागलंय का? शाळेतल्या पोरीला असल्या रोगाची सुई? लोकांना कळलं तर काय म्हणतील, ह्यांच्या पोरीला आत्तापासून गरज पडली? आणि मूल होत नाही त्याने, ग्रुपवर आलंय." मी भांडले, पण खरं सांगते, मूल होत नाही हे ऐकून मीही घाबरले. उद्या तिला काही झालं तर? आई म्हणून मला कोण माफ करेल? एकदा माझ्याकडून चूक झालीय. आता मला कशातच धीर होत नाही.

१२ मार्च

मीनल मॅडमकडे एकटी गेले. सगळ्या शंका विचारल्या, वेड्यासारख्या. मूल होत नाही हे साफ खोटं, म्हणाल्या. दंड दुखेल, कणकण येईल, एखाद्या पोरीला चक्कर येते म्हणून थोडा वेळ बसवून ठेवतात. विषाणूशी गाठ पडायच्या आधी दिली तर उपयोग, म्हणून लहान वयात. पोरगी कशी आहे याचा तिथे प्रश्नच नाही. "गोवर येण्याआधी गोवरची देतो ना, तसंच."

मग मलाच विचारलं, तुझी तपासणी कधी केलीस? मी म्हटलं, मला काय झालंय? तिथल्या तिथे करून घेतली. आडवी पडले तेव्हा आयेचा विचार येत होता, ती कशी लाजली असेल.

१७ मार्च

आज जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पडवीत मी आणि भूपेश लसीवरूनच बोलत होतो, हळू आवाजात. आये झोपलीय असं वाटलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "सपनाली, ती सुय मना पन देतील कं?"

भूपेश उठून आत गेला. मला टाकून गेला, भित्रा कुठला. मी खाटेवर बसले. तिचा हात हातात घेतला, नुसती हाडं. म्हटलं, "नाही गं आये. ती आजार व्हायच्या आधी घ्यायची असते."

"म्हंजे मना उशीर झाला."

"तुझ्या वेळी ती नव्हतीच."

"बरा," म्हणाली. "मंग पोरीला दे. तिला कशाला थांबवतस?"

नंतर म्हणाली ते मला आधी समजलंच नाही. "चिखलोलीची नवरी कशी हाय गो? माज्यामुलं तिचा काय वायट त नाय झाला?" म्हणजे ही इतके दिवस हेच घेऊन बसलीय. त्या दिवशी बाहेर बसून का होईना, पण गायली, म्हणून देवीने ही शिक्षा दिली, असं तिच्या मनात. आणि स्वतःचं सोडून काळजी त्या पोरीची.

१८ मार्च

चिखलोलीच्या नवरीला फोन केला. सांगू की नको असं करत शेवटी सगळं सांगितलं, आजाराच्या नावासकट. पहिल्यांदाच बाहेर कुणाला तरी सांगितलं. पोरगी रडायला लागली. म्हणाली, "अहो, मी मजेत आहे. आजींचे धवले मी ऑफिसला जाताना ऐकते." मग व्हिडिओ कॉल केला. आयेने फोन तोंडाजवळ धरून तिला विचारलं, "नवरा नीट वागतंय ना? सासू खाया देतेय ना?" ती हसली, आये पण हसली. कितीतरी दिवसांनी दात दिसले तिचे.

मी म्हटलं, बघ, काही झालं का तिला? आये म्हणाली, "नाय झाला." छताकडे बघत बसली. हळद मात्र आणू का विचारलं, अंगाला बरं वाटेल म्हणून, तर हात मागे घेतला. अजून बाहेरची आहे म्हणे.

२६ मार्च

माझा रिपोर्ट आला. ठीक आहे. देवासमोर दिवा लावला आणि मग वाटलं, हिने पण एकदा, आधी कधीतरी... जाऊ दे.

२ एप्रिल

सोनियाताई परत आल्या. शेवटचे काही दिवस म्हणाल्या. भूपेश घरी होता, तोंडावर नाही म्हणाला. मी तोंड उघडणार तेवढ्यात उंबऱ्यातून बाबा बोलले. आधी वाटलं रेडिओ लागला कुठे. "पोरीला उद्या मी नेतंय."

"बाबा, तुम्हाला कळत नाही त्यातलं," भूपेश म्हणाला.

"मनाच कलतंय," बाबा म्हणाले. उभे राहिले. "तुजी आय माज्यामुलं..." आयेने खाटेवरून बघितलं त्यांच्याकडे. खूप वेळ. मग म्हणाली, "ऱ्हाव द्या. आता त्याचा काय." आणि कूस बदलली.

काय म्हणायचं होतं त्यांना कोण जाणे. ट्रकवर होते, आयेच्या दुखण्याखुपण्याला कधी घरी नव्हते, त्याचंच मनाला लागलं असेल. भूपेशने मात्र बापाकडे बघितलं आणि चप्पल घालून बाहेर निघून गेला. परत नाही म्हणाला नाही.

मग मीच सोनियाताईंना खरं सांगितलं. गाठ नाही, कोणता कॅन्सर ते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, वहिनी, हे आळीत सांगितलंत तर चार आया पोरींना घेऊन येतील.

३ एप्रिल

लस झाली.

जिज्ञासा शाळेतून युनिफॉर्मवरच गेली, बाबा तिच्या दप्तरासकट बरोबर. मीही गेलेच मागून. रांगेत पोरी एकमेकींना चिमटे काढत होत्या. हिचा नंबर आला तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं, ती मात्र टक लावून सुईकडे बघत होती. नंतर बाकावर बसवून ठेवलं, काही झालं नाही.

घरी आल्यावर दंड सुजला, दुखायला लागला. आयेने जवळ बोलावलं, बाही वर करून बघितलं. बोट लावलं नाही, नुसतं बघितलं. मग मला म्हणाली, "हलद आन."

मला वाटलं चुकून बोलली. म्हटलं, गरम करून आणू लेपाला? मीच लावते.

"वाटीन आन. मी लावतंय."

अजून रक्त जातंय तिचं, सकाळीच कपडा बदलला होता मी. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. मी वाटीत हळद कालवली. सुईच्या जागेवर लावू नको, बाजूने लाव, एवढंच बोलले. तिने बोट बुडवलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग पोरीच्या दंडाला, सुईच्या खालच्या अंगाला, ओढलं.

आणि गायली. आवाज कुठला, नुसता श्वास. पण धवलाच. नवरीची हळद चढते तो. एका जागी अडखळली, नाव घ्यायची जागा आली तिथे. मी म्हटलं आता थांबेल. ती परत मागे गेली, ओळ पहिल्यापासून धरली आणि 'जिज्ञासा'चा 'सा' लांब ओढून, हेलकावा देऊन, बरोबर बसवलं. बसलं! परत एकदा म्हणाली, खात्रीला. जिज्ञासा हुंदके देत होती आणि बाही धरून ठेवली होती. बाबा उंबऱ्यातून उठले आणि पहिल्यांदा खाटेजवळ जमिनीवर येऊन बसले.

"लगनापरेंत मी नाय," आये मला म्हणाली. "तवा गोदूला सांग, ह्या असा गावाचा."



२९ एप्रिल

आये गेली. सकाळी, चहाच्या वेळेला. बाबा तिचे कपडे वाळत घालत होते. आत येऊन म्हणाले, हाक मारतंय त बोलत नाय.

लोक आले. कशाने गेली विचारत होते. भूपेशच पुढे झाला. नाव घेऊन सांगितलं सगळ्यांना, कोणता कॅन्सर ते. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्याचा आवाज फाटला, पण सांगितलं.

११ मे

कार्य आटोपलं. ऑर्डर सगळ्या सोडून दिल्या होत्या, आता दोन-तीन फोन आलेत. धवलारीण आहे का विचारतात. मी नाही म्हणते आणि फोन ठेवते. गोदूआत्या चांगली आहे, पण अजून नको.

पडवीतली खाट अजून काढलेली नाही. दुपारी मी जाते तिकडे, आणि चहा हवा का विचारायला तोंड उघडते.

आळीतल्या दोघी येऊन गेल्या. एकीची पोरगी चौदाची. दुसरी स्वतःसाठी आली होती, आत येऊन दार लावलं आणि मगच बोलली. दोघींना मीनल मॅडमकडे घेऊन गेले.

१५ मे

जिज्ञासाचा शाळेचा शर्ट लसीच्या दिवसापासून खुंटीला तसाच होता. सुट्टी लागली, कुणी लक्ष दिलं नाही. आज बाबांनी काढला. त्यांचे हात रिकामे झालेत, धुवायला काही उरलं नाही, तर घरातलं काहीबाही शोधून मागच्या दगडावर नेतात. मी तांदूळ निवडत होते. बाबांचा आवाज आला. ओरडले असं नाही, कुणी छातीत गुद्दा मारल्यावर येतो तसा.

धावत गेले. पांढऱ्या शर्टाची बाही, तिच्यावर साबण, आणि साबणाखाली लालभडक डाग. बाबा तो शर्ट दोन्ही हातांत धरून बसले होते. "पोरीला पन? पोरीला पन?" एवढंच म्हणत होते. त्यांना धरायला गेले, तर डाग बघून मलाही क्षणभर तेच वाटलं.

जिज्ञासा मागून आली. त्यांच्याजवळ उकिडवी बसली, हातातून शर्ट सोडवून घेतला. "आबा, रक्त नाय हो. हळद आहे. साबण लागला की लाल होते. वाळली की परत पिवळी."

नळाखाली धरून साबण घालवला, पिळला आणि दोरीवर उन्हात टाकला. आम्ही तिघं तिथेच पायरीवर बसलो, बाबांचा हात तिच्या हातात. उन्हात डाग पुसट होत होत खरंच पिवळा झाला.

मी म्हटलं, जरा लिंबू लावून बघते, शाळा सुरू व्हायच्या आत निघून जाईल.

"नको काढूस," जिज्ञासा म्हणाली. "माझी हळद आहे ती."